ख्रिसमस बेटावरील शेवटची सापसुरळी

जावाच्या दक्षिणेस सुमारें ३५० किलोमीटरांवर ख्रिसमस बेट आहे. १६४३ सालीं नाताळच्या दिवशीं एका इंग्रज नाविकास तें दिसलें, म्हणून हें नांव. आज ऑस्ट्रेलियाच्या ताब्यांत असलेल्या या बेटावर १८८८ पर्यंत मनुष्यवस्ती नव्हती. होतें तें सारें अरण्य.

महाराष्ट्रांत पालापाचोळ्यांतून सळसळत जाणारी चकचकीत सापसुरळी कोणीं पाहिली नाहीं? पाहणारा प्रथम साप म्हणून दचकतो आणि तिचे इवलेसे पाय दिसतांच त्याला हायसें वाटतें. तिच्याच कुळांतील एक वीतभर, तपकिरी सापसुरळी या बेटावांचून पृथ्वीवर अन्यत्र कोठेंही नव्हती. अरण्यांत जेथें ऊन उतरे तेथें ती अंग शेकीत बसे, किडे टिपी आणि चाहूल लागतांच पाचोळ्याखालीं दडे. १९७९ च्या पाहणींत ती विपुल आढळली. १९९८ च्या पाहणींत मात्र तिची संख्या घटलेली दिसली.

असें कां व्हावें? मांजरें, उंदीर, पिवळ्या मुंग्या असे परके जीव माणसाबरोबर बेटावर आलेच होते. त्यांत १९८७ च्या सुमारास नवा पाहुणा आला. महाराष्ट्रांत घरांतील पाली खाणारा कवड्या साप परिचित आहे. त्याचा आग्नेय आशियांतील हा भाऊबंद. पालींवर व सापसुरळ्यांवर जगणारा साप या बेटानें पूर्वीं पाहिलाच नव्हता. रात्रीं फटींत निजलेल्या सापसुरळीस हा शत्रु सर्वस्वीं अनोळखी होता. वस्तीच्या बाजूनें त्या नाहींशा होऊं लागल्या आणि ती ओहोटी पुढें बेटभर पसरली. म्हणून शास्त्रज्ञांचा मुख्य संशय या सापावर आहे.

२००९ मध्यें बचावासाठीं सरडवर्गीय प्राणी पकडण्यांत आले. निळ्या शेपटीची सापसुरळी व लिस्टरची पाल यांचे नर व माद्या पुरेशा मिळाल्या, त्यांची वीण वाढली आणि त्या जाती वांचल्या. अरण्यांतील या सापसुरळीच्या मात्र अवघ्या तीन माद्या हातीं आल्या. नर मिळाला नाहीं. ऑगस्ट १९१० नव्हे, तर अगदीं अलीकडे, ऑगस्ट २०१० मध्यें, ती रानांत शेवटची दिसली.

उरलेल्या मादीचें नांव ‘गम्प’. जानेवारी २०१४ मध्यें तिच्या जातीची सरकारी यादींत संकटग्रस्त म्हणून नोंद झाली. ३१ मे २०१४ रोजीं गम्प मेली. २०१७ सालीं ही जात नष्ट झाल्याचें जाहीर झालें.

जो प्राणी विपुल आहे त्याची मोजदाद कोणी करीत नाहीं. आणि मोजदाद सुरू होते तेव्हां पुष्कळदां नर मिळत नाहीं.