बांबू कोणाचा?

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड खेडे. ग्रामसभेच्या संमतीवाचून जंगलास हात लावावयाचा नाही, हा दंडक गावाने कोणताही कायदा पाठीशी नसताना स्वतःच घातला होता. या ग्रामसभेत बहुमत चालत नाही. निर्णय होतात ते सर्वसहमतीने, मग त्यास कितीही बैठका लागोत. (आपल्या मंडळांच्या वार्षिक सभा वाचकांनी क्षणभर आठवून पाहाव्यात!)

२००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु बांबू विकावयाचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो देणार वनखाते. वनस्पतिशास्त्र बांबूस गवत म्हणते. १९२७ च्या वन अधिनियमाने मात्र त्याची गणना वृक्षांत केली होती. हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. त्या एका शब्दाच्या आधारे गावाच्या हक्काचा बांबू अडून राहिला. जंगल राखण्याचे कष्ट गावाचे आणि विकण्याची मुखत्यारी दुसऱ्याची, याला लोकसहभाग कसे म्हणावे?

अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यास येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. तेव्हापासून बांबूचे पैसे ग्रामसभेच्या खात्यावर जमा होऊ लागले.