घर विकताना काढायची छायाचित्रे: आवरावे किती, झाकावे काय?

मुंबई असो, दिल्ली असो वा बंगळुरू, विक्रीस काढलेले घर ग्राहक आता प्रथम पाहतो ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. घर प्रत्यक्ष पाहायला जायचे की नाही, हे पुष्कळदा त्या पाच-सहा छायाचित्रांवरूनच ठरते. त्यामुळे छायाचित्रे काढण्यापूर्वी घराची तयारी करणे आवश्यक असले, तरी या तयारीला कायद्याने एक मर्यादा घातली आहे.

गॅलरीत वाळत घातलेले कपडे, दारामागच्या पिशव्या, ओट्यावरील बरण्या, न्हाणीघरातील बादली या वस्तू घरच्यांच्या नजरेला सवयीमुळे जाणवत नाहीत. छायाचित्रात मात्र त्याच आधी दिसतात. त्या शेजारच्या खोलीत ढकलूनही भागत नाही, कारण पुढचे छायाचित्र त्याच खोलीचे असते. दारावरील नावाची पाटी, मुलांची छायाचित्रे, वीजबिल आणि किल्ल्या चौकटीबाहेर ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने इष्ट ठरते. भ्रमणध्वनीतील स्थाननोंदीची सुविधाही बंद करावी. अन्यथा छायाचित्राबरोबर घराचे नेमके स्थान नोंदले जाऊ शकते.

यानंतर महत्त्वाचा भाग प्रकाशाचा. खोलीत थेट ऊन येत असताना छायाचित्र काढण्याचा मोह अनेकांना होतो. प्रत्यक्षात उन्हाचा पट्टा पांढराफटक उमटतो आणि उरलेली खोली काळवंडते. म्हणून पूर्वेकडील खोल्यांची छायाचित्रे दुपारनंतर आणि पश्चिमेकडील खोल्यांची सकाळी घेणे श्रेयस्कर. पांढरी ट्यूबलाइट आणि पिवळा दिवा एकाच वेळी लावल्यास भिंतींचा खरा रंग कळत नाही. पंखा बंद ठेवावा. कॅमेरा साधारण चार फूट उंचीवर सरळ धरल्यास भिंती कललेल्या दिसत नाहीत.

हल्लीच्या भ्रमणध्वनींतील अतिविस्तृत भिंग दहा फुटांची खोलीही दिवाणखान्यासारखी दाखवते. असे चित्र पाहून आलेला ग्राहक उंबरठ्यावरच निराश होतो. त्यापेक्षा साध्या भिंगाने छायाचित्र काढून सोबत चटई क्षेत्रफळ नमूद करणे प्रामाणिकपणाचे आणि विक्रेत्याचा वेळ वाचवणारेही आहे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यातील व्याख्येनुसार या क्षेत्रफळात बाहेरच्या भिंती व बाल्कनी धरली जात नाही.

खरा प्रश्न ओल आलेल्या भिंतीचा आहे. वैशाखात काढलेल्या छायाचित्रात ताज्या रंगाची भिंत कोरडीठाक दिसते; गळती उघड होते ती आषाढात, नव्या मालकासमोर. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला सामान्य दक्षता घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तो दडवल्यास हे कलम त्या कृतीला कपटाची कृती मानते. डाग पुसणे, रंग देणे, फर्निचर हलवणे यांस अर्थातच मनाई नाही. गळतीची दुरुस्ती न करता केवळ रंगाने ती झाकून विक्री करणे मात्र वादाला निमंत्रण देणारे ठरते. दुरुस्ती झालेली असल्यास तिच्या पावत्या आणि आधीची छायाचित्रे जपून ठेवावीत व ग्राहक घर पाहायला आल्यावर ती त्याला दाखवावीत.