वाढती शहरे – लेखांक ७ : पासाच्या हिशेबाने वाढलेले शहर

गेल्या आठवड्यात आपण कॅनडाच्या गवताळ सपाटीवरचे कॅलगरी पाहिले. तिथे शहराला वाट अडवणारे फारसे काही नव्हते. १९६३ साली मोंटगोमेरी, १९६४ साली बोनेस, अशी शेजारची गावे पोटात घेत ते पसरत गेले. आपल्याकडे ठाणे सोडले की एका अंगाला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी. शहराला पुढे सरकायला रुळांचीच काय ती पट्टी.

गाडी १८५३ साली ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. पारसिकचा बोगदा १९१६ साली खुला झाला. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे डोंबिवली म्हणजे भातखाचरे, विहिरी आणि कौलारू घरे. नुसत्या रेल्वेने शहर होत नाही. इथे ते झाले भाडेनियंत्रणाच्या कायद्याने, आणि तो कायदा होता मुंबईचा!

१९४७ च्या त्या कायद्याने भाडी गोठली. मग भाड्याने द्यायला नवी चाळ कोण बांधणार? जुना भाडेकरूही खोली सोडीना. गिरगावातल्या दोन खोल्यांत धाकट्याचे लग्न ठरले की प्रश्न उभा राही : झोपायचे कुठे? भाड्याचे घर मिळत नाही म्हणजे ओनरशिपचा ब्लॉक घेणे आले आणि ब्लॉक म्हटला की जमिनीचा भाव आला. हा भाव स्टेशनागणिक धाडधाड उतरत होता. रेल्वेच्या मासिक पासाची किंमत मात्र अंतर वाढले तरी थोडीशीच वाढत होती. या दोहोंतल्या फरकावर डोंबिवली उभी राहिली. खिशाचे जे वाचले ते शरीराने भरले, सकाळ-संध्याकाळ, दारात लोंबकळून.

म्हणून तिचा जुना नकाशा पायी चालण्याच्या मापाचा आहे. फडके रोड, रामनगर, टिळकनगर, सगळे स्टेशनच्या टप्प्यात. ‘झोपायला येणाऱ्यांचे गाव’ अशी तिची कुचेष्टा होई. ती मला कधीच पटली नाही. पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांचे हे गाव, आणि गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्राही १९९९ साली इथूनच निघाली. ठाण्याची गोष्ट वेगळी. तिथे वागळे इस्टेटीने आधी गावातच रोजगार दिला, पुढे कारखान्यांच्या जागांवर टॉवर आले. कल्याण तर रेल्वेच्या कितीतरी आधीचे बंदर, त्याच्यावर स्वतंत्र लेख हवा.

खरा गुंता स्टेशनपासून लांबच्या सत्तावीस गावांचा. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हा ती आत आली, २००२ साली बाहेर पडली, २०१५ साली पुन्हा आत. पालिकेत आलो तर घरपट्टी वाढणार, पाणी मात्र येईल तेव्हा येईल, ही गावकऱ्यांची धास्ती; तिला हट्ट म्हणून चालणार नाही. हद्दीचा वाद चालू असतानाच शेतांत चाळी उठल्या, मग इमारती. कॅलगरीत साधारणपणे आधी हद्द वाढते, नळ-गटारे पडतात, मग घरे येतात. इथे माणसे राहायला आली आणि जलवाहिनी त्यांच्या मागून, धापा टाकत.

आता शिळफाटा रस्त्यालगत, काटई-निळज्याकडे मोठमोठी संकुले उभी आहेत. निळज्याला स्टेशन आहे, पण ते दिवा-पनवेल मार्गावर आणि गाड्या मोजक्याच. त्यामुळे कामावर निघालेला माणूस आधी शेअर रिक्षाच्या रांगेत उभा राहतो आणि कोंडीतून डोंबिवली स्टेशन गाठतो. महिनाअखेरीला हिशेब केला तर घर ते स्टेशन या रिक्षालाच रेल्वेच्या पासाहून जास्त पैसे गेलेले असतात.