तेंदूच्या ई-लिलावात बोली कुठे थांबवावी?

गोंदियाचे नाव व्यापारात गाजले ते विडीमुळे. छोटाभाई जेठाभाई पटेल यांच्यासारख्या पेढ्या येथेच वाढल्या आणि विडीला लागणारे पान देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगावच्या जंगलातून आले. १९९९ पर्यंत हा सारा भाग भंडारा जिल्ह्यात होता. जिल्हा वेगळा झाला, विडीचा खप पूर्वीसारखा राहिला नाही, पण तेंदूपत्त्याचा लिलाव अजून दरवर्षी होतो. आपल्या वाचकांत लहान ठेकेदार आहेत, दिवाणजी आहेत, बोद भरणारे व वाहणारे आहेत. त्यांच्यासाठी हा विषय आम्ही घेतला आहे.

१९६९ च्या राज्य कायद्याने तेंदूपत्त्याचा खुला व्यापार बंद झाला. तेव्हापासून जंगलाचे युनिट पाडून वनखाते पान तोडण्याआधीच विकते. पूर्वी ठेकेदार एका सभागृहात समोरासमोर बसत. कोण किती ताणणार हे चेहऱ्यावरून कळे, आणि चहाच्या टपरीवर आधीच काय ठरले आहे तेही कळे. आता ई-निविदा व ई-लिलाव संगणकावर होतात. समोर नाव नाही, चेहरा नाही, फक्त आकडा चढताना दिसतो. आपल्या लोकांचा घोळ इथेच होतो. आकडा चढला की समोरच्याला काहीतरी ठाऊक असणार असे वाटते, आणि आपणही चढतो.

पण समोरच्याला तरी काय ठाऊक असते? पानाची मोजणी प्रमाण गोणीवर होते. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, म्हणजे सत्तर हजार पाने. युनिटमधून किती गोणी निघतील हा थंडीत केलेला अंदाज असतो. पान येते एप्रिलअखेरीस व मे महिन्यात. मधे फेब्रुवारी-मार्चात खुटकटाई नीट झाली का, वणवा लागला का, फळीवर पान वाळत असताना पाऊस किंवा गारपीट झाली का, यावर सारे अवलंबून. पाच ठेकेदारांनी एकाच युनिटचा अंदाज केला तर पाच आकडे येतील. बोली कोण जिंकेल? ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असेल तो. अमेरिकेतील तेलकंपन्यांना समुद्रातील तेलपट्ट्यांच्या लिलावात हाच अनुभव आला आणि १९७१ मध्ये तीन अभियंत्यांनी तो लिहून ठेवला. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. त्यांचा सल्ला साधा होता. जितके स्पर्धक जास्त आणि मालाची माहिती जितकी कमी, तितका आपला आकडा खाली आणा. आपण नेमके उलटे करतो. गर्दी पाहिली की हुरूप चढतो.

एक हिशेब मांडून पाहू. समजा युनिटचा अंदाज १,००० गोणींचा आहे आणि ठोक ४० लाखांना ते घेतले. गोणीमागे ४,००० रुपये पडले. पाऊस झाला आणि ७५० गोणीच निघाल्या, तर तीच गोणी ५,३३३ रुपयांना पडली. तोडाईची मजुरी, दिवाणजी, बारदाना, वाहतूक, गोदाम हे वेगळे. म्हणून बोली लावण्याआधी अटींमध्ये पहिली गोष्ट पाहायची ती ही, की विक्री ठोक आहे की प्रतिगोणी. प्रतिगोणी विक्रीत कमी पान निघण्याचा धोका बराचसा विकणाऱ्याकडे राहतो, ठोक विक्रीत सारा आपल्याकडे येतो. दोन्हींत एकच आकडा लावणारा व्यापारी आम्हाला तरी समजत नाही.

करही हिशेबात धरावा. २०१७ मध्ये तेंदूपत्त्यावर १८ टक्के जीएसटी लागला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्के झाला. जुन्या वर्षाचा दर पाहून नवी बोली ठरवणाऱ्याने हा फरक कोणाच्या खिशात गेला ते आधी तपासावे.

आता आकडा केव्हा लावायचा? पुष्कळांची समजूत अशी की शेवटच्या सेकंदाला बोली टाकली की बाजी मारली. ही समजूत अमेरिकेतल्या ईबे नावाच्या संकेतस्थळाच्या लिलावांना लागू पडते. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या बाजारात लिलाव ठरलेल्या मिनिटाला बंद होई. त्यामुळे लोक शेवटच्या क्षणाची वाट पाहत. त्याच काळात अ‍ॅमेझॉनच्या लिलावात शेवटी बोली आली की मुदत दहा मिनिटांनी वाढत असे. रॉथ व ओकेनफेल्स या दोन अभ्यासकांनी २००२ मध्ये दाखवले की मुदत वाढणाऱ्या लिलावात शेवटच्या क्षणाची घाई फार कमी होते. आपल्याकडे रेल्वेच्या भंगाराच्या ई-लिलावात मुदत वाढण्याची पद्धत आहे, आणि इतरही पुष्कळ सरकारी लिलावांत असते. तिथे दडून बसण्यात काही हाशील नाही. तिथे जो आपला शेवटचा आकडा आधी कागदावर लिहून बसतो तोच शांत राहतो.

बंद निविदा ही वेगळी चीज आहे. चढत्या लिलावात दुसऱ्या क्रमांकाचा स्पर्धक थांबला की आपण तिथेच थांबतो, म्हणजे पूर्ण ऐपत खर्च होत नाही. बंद निविदेत लिहिलेला आकडाच भरावा लागतो. तेव्हा निविदेत आकडा हिशेबापेक्षा खालीच लिहावा, आणि चढत्या लिलावात हिशेबापर्यंत जायला हरकत नाही. विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये या दोन पद्धतींचे गणित मांडले. त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले, पण आपला एखादा जुना लाकूडव्यापारी हे न वाचताही तसेच वागतो.

विकणाराही डाव खेळतो. तो हातची किंमत ठरवतो. ती गाठली नाही तर युनिट पुढच्या फेरीत जाते. मुरलेले ठेकेदार म्हणूनच पहिल्या फेरीत गप्प बसतात. यात थोडे तथ्य आहे, कारण विकणाऱ्याजवळ वेळ नसतो. पान झाडावर थांबत नाही. पण वेळ घेणाऱ्याजवळही नसतो. फेऱ्या लांबून मार्च उलटला की खुटकटाई राहून जाते, मग पान जाड व कमी येते. स्वस्तात घेतलेले युनिट तेव्हा महाग पडते.

२००६ च्या वनहक्क कायद्यानंतर काही गावांच्या ग्रामसभा आपले पान स्वतः विकू लागल्या. त्यांच्याशी व्यवहार करताना एक लक्षात असू द्या. चढ्या बोलीने युनिट घेऊन नंतर पैसे थकवणारा ठेकेदार वनखात्याची अनामत बुडवतो, तर ग्रामसभेच्या बाबतीत तो शेकडा पुड्यांवर पोट भरणाऱ्या बायकांची मजुरी आणि बोनस बुडवतो. दुसऱ्या वर्षी ते गाव कोणावरच भरवसा ठेवत नाही, आपल्यावरही नाही.

आपसांत ठरवून बोली दाबणे २००२ च्या स्पर्धा कायद्याने मना आहे, आणि दंड मोठा आहे. विकणाऱ्याने आपलाच माणूस बसवून भाव चढवणे हेही आपल्याला नवे नाही. हदीसमध्ये त्याला ‘नजश’ म्हटले असून ते मना आहे. खुद्द जास्त देणाऱ्याला वस्तू विकणे मात्र मना नाही. संगणकामागे बनावट बोली ओळखता येत नाही, तेव्हा तिच्यावर आपल्याजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे कागदावरचा आकडा.

जाता जाता आणखी एक. लिलावाला डिजिटल सही लागते. पुष्कळजण ती सही व तिचा पासवर्ड संगणक केंद्रवाल्याकडे ठेवतात. तोच माणूस त्याच दिवशी दुसऱ्या ठेकेदाराचेही काम करीत असतो. सही स्वतःच्या कपाटात ठेवा, बोलीच्या दिवशी घरचा शिकलेला मुलगा किंवा मुलगी बाजूला बसवा, आणि सहीची मुदत संपते कधी ते डिसेंबरातच पाहून घ्या.