आपलंच तर गाव आहे! परदेशातून मुळशीत परतताना

गेल्या आषाढात आमच्या खाचरात भाताची लावणी चालली होती. कुणाच्या डोक्यावर इरलं, कुणाच्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद. बायका ओळीनं मागे सरकत रोपं रोवत होत्या. बांधावर माझी चुलतबहीण उभी होती. सोळा वर्षं मेलबर्नला काढून ती दाजी आणि दोन मुलांसह कायमची परत आली होती. हातातल्या पिशवीत सातबारा होता आणि त्यावर अजून काकांचंच नाव होतं. काकांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

“आपलंच तर गाव आहे. नाव लागायला कितीसा वेळ?” ताई म्हणाली.

परदेशातून परतणाऱ्यांच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ मला या एका वाक्यात दिसतं. परक्या देशात जाताना माणूस व्हिसा, बँक, शाळा, भाषा सगळ्याची चौकशी करून जातो. घरी परतताना मात्र चौकशी करावीशी वाटत नाही, कारण घर तर ओळखीचं. आयटी पार्कचं हिंजवडी आमच्याच मुळशी तालुक्यात, पुणे शहर जवळ, आईवडील थकलेले. म्हणून मुळशीत परतणारी कुटुंबं वाढताहेत. त्यांच्याकडून वारंवार ऐकलेले काही गैरसमज आणि त्यामागची वस्तुस्थिती इथे मांडतो.

गैरसमज १ : पीआर, नागरिकत्व, ओसीआय, सगळं एकच

वस्तुस्थिती : या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुढचे सगळे हक्क त्यांवरच ठरतात. आमच्या घरातच दोन उदाहरणं आहेत. दाजींनी ऑस्ट्रेलियात पीआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी घेतली, पण नागरिकत्व घेतलं नाही. ते आजही भारताचे नागरिक आहेत. ताईनं तिथलं नागरिकत्व घेतलं. ऑस्ट्रेलियाला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की भारताचं आपोआप संपतं. जुना भारतीय पासपोर्ट कपाटात जपून ठेवला म्हणून ते टिकत नाही. तो रीतसर परत करावा लागतो.

ताईकडे आता आहे ते ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड. त्याच्या नावात ‘सिटिझन’ हा शब्द आहे, पण ते नागरिकत्व नव्हे. त्यावर भारतात हवं तितकं राहता येतं, नोकरी-व्यवसाय करता येतो. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. पुन्हा भारतीय नागरिक व्हायचं असेल, तर वाट आहे : ओसीआय नोंदणीला पाच वर्षं झालेली असावीत आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य असावं. अर्थात, मग परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं.

गैरसमज २ : ओसीआय असलं की मुळशीत शेतजमीन घेता येते

वस्तुस्थिती : घेता येत नाही. ओसीआयधारकाला फ्लॅट, बंगला, बिगरशेती भूखंड विकत घेता येतो; शेतजमीन, मळे आणि फार्महाउस घेता येत नाही. ‘मुळशीत नदीकाठी फार्महाउस’ अशी जाहिरात सिडनीतल्या बैठकीत बसून पाहणाऱ्यानं हे आधी लक्षात ठेवावं.

भारतीय नागरिक असलेल्यांनाही वाट मोकळी नाही. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ नुसार महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यानंच घ्यायची. इतरांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दाजी मूळचे सदाशिव पेठेतले, घरात कधी शेती नव्हती. म्हणजे ताईला शेतजमीन विकत घेता येत नाही ती ओसीआय म्हणून, आणि दाजींना घेता येत नाही ते शेतकरी नाहीत म्हणून.

विकत घेणं आणि वारशानं मिळणं यांत मात्र मोठा फरक आहे. वडिलोपार्जित शेतजमीन ओसीआयधारकाकडे वारशानं येऊ शकते. पुढे ती विकायची झाली, तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. परदेशी नागरिकत्व घेतलं म्हणून वारसाहक्क बुडत नाही.

गैरसमज ३ : वडील गेले की जमीन आपोआप मुलांच्या नावावर होते, आणि त्यात मुलीचं काही नसतं

वस्तुस्थिती : हक्क वारशानं मिळतो, पण नोंद आपोआप होत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करावा लागतो. मग फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, धरला जातो, हरकतींसाठी नोटीस निघते आणि मंजुरीनंतर सातबाऱ्यावर नावं चढतात. जमीन महसूल कायद्यानं हे कळवायला तीन महिन्यांची मुदत दिली आहे. काकांच्या बाबतीत चार वर्षं कुणी अर्जच केला नव्हता. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं केला असेल.

सातबाऱ्याविषयीही एक गोष्ट समजून घ्यावी. तो महसुली नोंदीचा उतारा आहे. उलट सिद्ध होईपर्यंत तो खरा धरतात, पण मालकीचा शेवटचा शब्द त्यात नसतो. म्हणून एकटा सातबारा पाहून समाधान मानू नये. जुने फेरफार, आठ-अचा खातेउतारा, मोजणीचा नकाशा आणि खरेदीखतं एकत्र वाचावीत. ‘इतर हक्क’ या रकान्यात डोकावायला विसरू नये. कुळाची नोंद, सोसायटीचा बोजा, भूसंपादनाचा शेरा, पुढच्या भांडणांची बीजं तिथेच सापडतात.

मुलींच्या हक्काचं म्हणाल, तर २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मानंच मुलाइतकी हिस्सेदार झाली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की त्यासाठी २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीतही, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला सारखाच वाटा मिळतो. तरीही ‘तू तर तिकडे सुखात आहेस’ असं म्हणत बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवायची चाल आपल्याकडे आहे. हक्क सोडायचा की नाही, हे तिनं समजून-उमजून ठरवावं. विमानतळावर निघायच्या सकाळी घाईनं सही करू नये, आणि करायलाही लावू नये.

गैरसमज ४ : दोन-चार गुंठे घ्यायचे, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणायचा आणि बंगला बांधायचा

वस्तुस्थिती : मुळशीत सर्वाधिक फसगत इथे होते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. तुकडेबंदीचा, म्हणजे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे विकण्यावर बंदी घालणारा कायदा १९४७ चा आहे. २०२३ मध्ये राज्यानं जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं. २०२५ मध्ये काही भागांना सवलती दिल्या. आपला गट त्या सवलतीत बसतो की नाही, हे विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर नव्हे, कागदावर तपासायचं. ‘सामाईक सातबाऱ्यावर नाव चढवून देतो’ असं कुणी म्हणालं, तर सावध व्हावं. वीस अनोळखी माणसांबरोबर एका सातबाऱ्यावर आलेल्या नावाला चतुःसीमा नसते. आपला कोपरा नेमका कोणता, हे ते कागद सांगत नाहीत.

बांधकामाचंही तसंच. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, २०१५ मध्ये स्थापन झालं. त्याच्या हद्दीत बांधकाम परवानगी तेच देतं. ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा होत नाही. बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, तिथे परवानगी कोण देतं, हे वेगळं तपासावं. भूखंडांचा प्रकल्प ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा असेल, तर त्याची महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी झालेली असायला हवी. क्रमांक मागून घ्यावा आणि संकेतस्थळावर पडताळावा.

गैरसमज ५ : परतलो की तिकडचा सगळा पैसा इकडे आणावा लागतो, आणि लगेच त्यावर कर बसतो

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. परदेशात राहत असताना कमावलेली मालमत्ता परतल्यावरही तिकडे ठेवायला परकीय चलन कायदा, फेमा, परवानगी देतो. करासाठी आयकर कायद्यानं मधली पायरी ठेवली आहे : रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नव्हे. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतातले दिवस ७२९ पेक्षा जास्त नसतील, तर ही पायरी मिळते. बऱ्याच जणांना ती दोन-तीन वर्षं पुरते. तेवढ्या काळात परदेशातल्या मिळकतीवर भारतात सहसा कर लागत नाही. त्यानंतर मात्र जगभरची मिळकत करपात्र होते आणि परदेशी खाती विवरणपत्रात दाखवणं बंधनकारक होतं. एकाच मिळकतीवर दोनदा कर बसू नये, यासाठी भारत-ऑस्ट्रेलिया करार १९९१ पासून आहे.

गोंधळ होतो तो दोन कायद्यांत. आयकर दिवस मोजतो. फेमा हेतू पाहतो. कायमचं राहायला आलात, की फेमासाठी तुम्ही रहिवासी होता, मग दिवस कितीही भरोत. म्हणून अनिवासींसाठीचं एनआरई खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते निवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं.

सुपर, म्हणजे ऑस्ट्रेलियातला निवृत्तिनिधी, देश सोडल्यावर काढता येतो हेही अर्धसत्य आहे. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, व्हिसा संपून देश सोडल्यावर, तो मागता येतो. नागरिक आणि पीआरधारकांना साधारणपणे साठीपर्यंत थांबावं लागतं.

गैरसमज ६ : नाही जमलं तर पीआर आहेच, केव्हाही परत जाऊ

वस्तुस्थिती : ऑस्ट्रेलियाच्या पीआरबरोबर ये-जा करण्याची मुभा पाच वर्षांची असते. ती संपल्यावर तिकडे परतायला रेसिडेंट रिटर्न व्हिसा लागतो, आणि त्यासाठी मागच्या पाच वर्षांतली दोन वर्षं ऑस्ट्रेलियात राहिलेली असावी लागतात. नसतील तर तिकडे भरीव संबंध असल्याचं दाखवावं लागतं. ‘दोन वर्षं राहून बघू’ म्हणणाऱ्यांनी ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात मांडून ठेवावी.

गैरसमज ७ : मुलं लहान आहेत, आपोआप रुळतील

वस्तुस्थिती : मुलं रुळतात, पण आपोआप नव्हे. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं झालं. घरी मराठी बोलणाऱ्या मुलालाही देवनागरी वाचणं नवं असतं. ताईच्या धाकट्यानं पहिल्या आठवड्यात पौडच्या एसटीवरची पाटी अक्षर अक्षर लावून वाचली, तेव्हा गाडी निघून गेली होती. परत यायचं ठरल्या दिवसापासून रोज एक पान वाचायची सवय लावली, तर हे ओझं हलकं होतं.

दुसरा प्रश्न मोठ्या मुलांचा. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनं वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांत ओसीआय विद्यार्थ्यांना अनिवासी भारतीयांच्या जागांपुरतं मर्यादित केलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ती अट अधिसूचनेनंतर कार्ड घेतलेल्यांनाच लागू होईल. म्हणून मुलाच्या कार्डावरची तारीख बारावीच्या वर्षी नव्हे, आजच पाहावी.

गैरसमज ८ : इथे उपचार स्वस्त आहेत, विम्याचं नंतर बघू

वस्तुस्थिती : मेडिकेअर ही तिकडची सरकारी आरोग्य योजना इथे चालत नाही. नव्या आरोग्य विम्यात आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. म्हणून परतायच्या आधीच भारतातली पॉलिसी सुरू केली, तर ती वर्षं तिकडे असतानाच मोजायला लागतात.

गैरसमज ९ : मुळशी म्हणजे धरण, मुबलक पाणी, निवांतपणा

वस्तुस्थिती : आमचा तालुका एक दिसत असला तरी एकसारखा नाही. भूगाव-हिंजवडीकडचा पाऊस आणि ताम्हिणी घाटमाथ्याचा पाऊस यांत कित्येक पटींचं अंतर आहे. पश्चिमेच्या गावांत लाकडाला बुरशी लागते, भिंती झिरपतात, दरडी रस्ता अडवतात. उन्हाळ्यात मात्र काही वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. डोळ्यांसमोर पसरलेलं धरणाचं पाणी वीजनिर्मितीसाठी घाट उतरून कोकणात भिऱ्याला जातं.   तेव्हा मे महिन्यात विहिरीचं पाणी किती उरतं, हे शेजाऱ्याला विचारल्याशिवाय घर घेऊ नये.

गैरसमज १० : आपल्याच माणसांत कसला परकेपणा?

वस्तुस्थिती : परतल्यावरचा परकेपणा खरा असतो आणि त्यावर अभ्यासही झाला आहे. परदेशी रुळण्याचा आलेख इंग्रजी ‘यू’सारखा खाली जाऊन वर येतो, असं १९५५ मध्ये लिसगार्ड यांनी मांडलं. १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्यानं दाखवलं, की घरी परतल्यावर तसाच दुसरा उतार येतो. या उताराला माणूस तयार नसतो, म्हणून तो जास्त लागतो. हे आजारपण नाही आणि निर्णय चुकल्याचा पुरावाही नाही. आपण सोडलेलं गाव आपल्यासाठी जागच्या जागी थांबलेलं नसतं, आणि आपणही तेच उरलेलो नसतो. परतलेल्याला ‘फॉरेनवाले’ म्हणून चिडवण्यापेक्षा वर्षभर धीर दिला, तर आपण गावकरीही आपलं काम करतो.

ताईचा फेरफार या वर्षी मंजूर झाला. काकूचं, भावाचं आणि तिचं नाव सातबाऱ्यावर आलं. यंदाच्या लावणीला ती बांधावर नव्हती, खाचरात होती. तिच्या शेजारच्या मावशींनी तिनं लावलेलं रोप उपटून तिच्याच हातात दिलं. “अशी नाही, ताई. इतकं खोल नाही घालायचं, कुजतं. दोन बोटांत धरायचं आन् अंगठ्यानं दाबायचं.” ताईनं पदर खोचला आणि ते रोप पुन्हा लावलं.