रस्त्याकडेची झाडे

श्रोतेहो, रस्त्याच्या कडेला झाडे कशासाठी लावतात? सावलीसाठी, असे आपण चटकन म्हणू. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना रशियातल्या अशाच रस्त्याची चित्रे दाखवली, तेव्हा ती म्हणाली, ‘पलीकडे काय चाललंय ते दिसू नये म्हणून!’ आणि अमेरिकेतली झाडे? ‘सावलीसाठी, धूळ उडू नये म्हणून.’ मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी १९६१ साली ही हकीकत नोंदवली. त्याआधी १९६० साली ते रशियात हिंडले, लोकांशी रशियन भाषेत बोलले. तिथेही तेच ऐकू आले : अमेरिकन सरकार युद्धखोर, आपल्याच जनतेला फसवणारे! जणू समोरासमोर आरसे धरलेले. शिक्षकबंधूंनो, मुलांना एवढेच विचारा, ‘हेच आपण केले असते, तर त्याला काय म्हटले असते?’