मंगळाचं मीठ कोण धुणार?

नवी मुंबईत, वाशीच्या एपीएमसी मार्केटात बटाटा पिकत नाही. तो आग्र्याहून, इंदूरहून, गुजरातेतून येतो. पहाटे गाड्या लागतात, माथाडी पाठीवर गोणी घेतात, गाळ्यापुढे एखादी गोण फोडून माल दाखवला जातो, आणि उजेड लागून हिरवट पडलेला बटाटा जाणकार गिऱ्हाईक न बोलता बाजूला टाकतं. मंगळावर वस्ती करण्याच्या गप्पा निघाल्या की पहिलं पीक म्हणून नाव येतं ते याच बटाट्याचं. ‘द मार्शियन’ सिनेमाने ते लोकांच्या डोक्यात पक्कं बसवलं. पण त्याची गंभीर तपासणीही झाली आहे. पेरू देशातल्या लिमा इथल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने नासाच्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन तिथल्या वाळवंटाची रुक्ष, खारट माती एका बंद पेटीत भरली, आतली हवा आणि थंडी शक्य तितकी मंगळासारखी केली आणि २०१७ मध्ये बटाट्याला कोंब फुटल्याचं जाहीर केलं. खारेपणा सोसणारं वाण निवडल्यामुळे हे जमलं.

मंगळाच्या मातीतलं मीठ मात्र आपल्या ओळखीचं नाही. २००८ मध्ये ‘फीनिक्स’ यान तिथे उतरलं तेव्हा मातीत पर्क्लोरेट सापडलं, साधारण अर्धा टक्का. हे क्षार थायरॉईडला आयोडीन घेऊ देत नाहीत, म्हणजे त्या मातीतलं पीक पोटात जाणं धोक्याचं. ते पाण्यात सहज विरघळतात, तेव्हा माती धुऊन घ्यावी, असा उपाय सांगितला जातो. कागदावर तो बरोबर आहे.

खारी माती धुऊन पिकाखाली आणण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. उरण, पेण, अलिबागच्या खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या राबवली. भरतीचं पाणी अडवायला चिखलमातीचा बांध घालायचा, तो बाहेरकाठा. त्यात उघाडी ठेवायची, भरतीला बंद आणि ओहोटीला उघडी. मग मीठ धुण्याचं काम पावसावर सोपवायचं. काही पावसाळे गेले की जमीन गोडी होते आणि भात उभं राहतं. पण बांध घातला आणि सुटलो, असं कधीच होत नाही. खेकडे तो पोखरतात, उधाणाच्या लाटा त्याचा पाया खातात. एका रात्रीत खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं पिकाचं नाव काढायला नको. म्हणून बांध गावाने मिळून राखायचा. या सामाईक श्रमाला जोळ म्हणत. जिथे जोळ सुटली आणि सरकारी डागडुजीही वेळेवर झाली नाही, तिथे भातशेती जाऊन खारफुटी उभी राहिली. पेण-अलिबागकडे कुणालाही विचारा, असे पट्टे बोट करून दाखवतील.

मंगळावर धुवायला पाऊस नाही. बर्फ आहे, पण त्याचं पाणी उघड्यावर टिकत नाही, कारण तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास. ऊन आपल्या निम्म्याहून कमी. म्हणून आधी हवा दाट करा, ग्रह गरम करा, पाणी आपोआप वाहील, असा आराखडा मांडला जातो. ध्रुवांवरचा बर्फ आणि खडकांतला कार्बन डायऑक्साइड मोकळा करायचा, तो उष्णता धरून ठेवेल, अशी त्यामागची कल्पना.

तो वायू तिथे आहे तरी किती? २०१४च्या सप्टेंबरात, आपलं मंगळयान पोचलं त्याच आठवड्यात, नासाचं ‘मॅव्हेन’ही मंगळाभोवती फिरू लागलं. मंगळाची हवा गेली कुठे, हे शोधायला ते पाठवलं होतं. मंगळाला पृथ्वीसारखं चुंबकीय कवच नाही. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या माऱ्याने त्याची हवा अब्जावधी वर्षं अवकाशात उडून जात राहिली. त्या मोहिमेचे तेव्हाचे प्रमुख ब्रूस जाकोस्की आणि त्यांचे सहकारी क्रिस्टोफर एडवर्ड्स यांनी २०१८ मध्ये शिल्लक मालाचा हिशेब मांडला. ध्रुवांवरचा सगळा बर्फ उडवला तरी दाब पृथ्वीच्या जेमतेम १.२ टक्के होतो. हाताशी येण्याजोगा सगळा कार्बन डायऑक्साइड बाहेर काढला तरी सात टक्क्यांच्या पुढे जात नाही, आणि तापमान दहा अंशही वाढत नाही. गोदामातच माल नाही, तिथे सौदा कसला करणार!

त्यानंतर युक्त्या बदलल्या. २०२४ मध्ये काही संशोधकांनी सुचवलं की मंगळाच्याच मातीतल्या लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म कांड्या करून हवेत सोडाव्यात. सेकंदाला ३० लिटर या वेगाने त्या सोडत राहिलं, तर ग्रह ३० अंशांनी तापू शकेल. यातलं ‘सोडत राहिलं’ हे महत्त्वाचं. त्या कांड्या हळूहळू खाली बसणार, म्हणजे कारखाना चालूच ठेवायचा. बंद पडला की पुन्हा थंडी. प्राणवायूचं तर विचारूच नका. ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीवरच्या ‘मॉक्सी’ या यंत्राने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतून एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू काढून दाखवला. यंत्र छोटं होतं आणि प्रयोग उत्तम झाला, यात शंका नाही. पण एका माणसाला दिवसाला आठशे ग्रॅमच्या वर प्राणवायू लागतो.

ग्रह राहू द्या, एक बंद घर तरी राखता येतं का? अमेरिकेत ॲरिझोनामध्ये ‘बायोस्फिअर २’ नावाच्या काचेच्या वास्तूत आठ माणसं १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं राहिली. आत शेत होतं, जंगल होतं, छोटा समुद्रही होता. दीड वर्षाच्या आतच प्राणवायू २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या घरात उतरला आणि बाहेरून सोडावा लागला. सकस मातीतले जीवाणू प्राणवायू फस्त करत होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड इमारतीचं काँक्रीट शोषून घेत होतं. काँक्रीटचा विचार कुणी केला नव्हता.

आता पुन्हा बाजाराकडे येऊ. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मुंबईच्या खाडीपलीकडच्या नव्या शहराची, म्हणजे आजच्या नवी मुंबईची, कल्पना मांडली. ते शहर वसवायला १९७० मध्ये सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. नुसती जमीन आखून दिली म्हणून माणसं येत नाहीत, त्यांना धंदा लागतो. म्हणून मुंबईचा घाऊक बाजार इकडे आणला. आधी कांदा-बटाटा, मग मसाला आणि दाणाबंदर, १९९६ मध्ये भाजी आणि फळं. व्यापारी काही हौसेने आले नाहीत.

खाडीकडचा सखल भाग राहता ठेवण्यासाठी सिडकोने धारण तलाव बांधले. तत्त्व उघाडीचंच. तलावाच्या तोंडाशी बिजागरीवर टांगलेली जड झडप असते. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं आणि ती मिटते, शहरातलं पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून खाडीत जातं. ना मोटार, ना वीज. पण खाडी गाळ आणते. गाळाने तलाव उथळ झाले, त्या गाळात खारफुटी रुजली. खारफुटीला तर कायद्याचं आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांचं संरक्षण! गाळ काढावा तर झाडं तोडावी लागतात, न काढावा तर मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी रस्त्यावर. माणसासाठी बांधलेल्या तळ्यात दुसऱ्याच जीवाने घर केलं, आणि त्याचाही हक्क खोटा नाही. पन्नास वर्षांच्या आत, ओळखीच्या हवेत, ओळखीच्या पाण्यात हा पेच पडतो. मंगळाचे आराखडे शतकांच्या आणि सहस्रकांच्या भाषेत बोलतात. एवढी वर्षं जोळ कोण चालवणार, याचा उल्लेख त्यांत क्वचितच सापडतो.

२०२० च्या मे महिन्यात कोरोनामुळे एपीएमसी मार्केट आठवडाभर बंद ठेवलं, तेव्हा मुंबईला दुसऱ्या वाटांनी भाजी पोचवता आली. मंगळावरच्या वस्तीला अशी दुसरी वाट नसेल: पृथ्वीवरून मंगळाकडे माल पाठवण्याची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदा येते.

हे झालं जमेल का याबद्दल. करावं का, हा प्रश्न निराळा आहे, आणि मला तो जास्त अवघड वाटतो. नवी मुंबईच्या आखणीत ९५ गावांची जमीन आली. मुंबईतून पाहणाऱ्याला जी पाणथळ दिसत होती ती कुणाचं मिठागर होती, कुणाची मासेमारी, कुणाचं भात. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा देणारी योजना त्यानंतर आली. मंगळावर शेतकरी नाहीत, हे उघड आहे. पण तो रिकामा आहे, हे अजून कुणीही तपासून सांगितलेलं नाही. ‘पर्सिव्हिअरन्स’ने २०२४ मध्ये एका खडकाचा नमुना घेतला. त्यात पुरातन सूक्ष्मजीवांच्या संभाव्य खुणा असल्याचं नासाने २०२५ च्या सप्टेंबरात सांगितलं. खात्री करायची तर तो नमुना पृथ्वीवर आणावा लागेल.

खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांचा प्रवास इथे पाहण्यासारखा आहे. १९६१ मध्ये त्यांनीच शुक्राच्या ढगांत शेवाळ सोडून तो ग्रह निववण्याची कल्पना मांडली होती. पुढे मंगळाबद्दल बोलताना मात्र, तिथे सूक्ष्मजीव जरी असले तरी आपण हात लावू नये, अशी भूमिका त्यांनी घेतली. नासाचे शास्त्रज्ञ ख्रिस मॅके वेगळं म्हणतात: तिथे स्वतंत्रपणे उपजलेला जीव सापडला, तर ग्रह गरम करावा तो त्या जीवासाठी, आपल्यासाठी नव्हे. मला सेगन यांची बाजू पटते. परक्याचं भलं आपण ठरवायचं, या उद्योगाचा इतिहास चांगला नाही.

१९६७ चा अवकाश करार भारतानेही स्वीकारला आहे. कोणताही देश ग्रहावर मालकी सांगू शकत नाही, घातक प्रदूषण टाळलं पाहिजे आणि खासगी कंपन्यांच्या कृत्यांची जबाबदारीही त्या-त्या सरकारवर, असं तो सांगतो. हे घरच्या कायद्यात उतरवणं प्रत्येक देशाचं काम. आपल्याकडे अवकाश विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये निघाला, २०२३ मध्ये अवकाश धोरणही आलं, पण खासगी कंपन्या कामाला लागल्या तरी कायदा व्हायचाच आहे. तो संसदेत येईल तेव्हा त्यात एक कलम स्पष्ट असावं: परग्रहावर जीव नाही याची स्वतंत्र तपासणी झाल्याशिवाय तिथे पृथ्वीवरचा कोणताही जीव सोडायला भारतीय कंपनीला परवानगी मिळणार नाही.